दोषास्पद अज्ञान

एखाद्याच्या हातून नकळत अनर्थ घडला, पण थोडी चौकशी केली असती तर त्याला ते कळले असते आणि ती चौकशी करणे त्याचे कर्तव्यच होते, तर त्याच्या अज्ञानाला नीतिशास्त्रात दोषास्पद अज्ञान म्हणतात. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब एरवी दोष हलका करते. इथे मात्र ठाऊक का नव्हते, याचाच जाब विचारला जातो.

हा विचार जुना आहे. अजाणता आणि जाणूनबुजून केलेल्या पापांना मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात वेगवेगळी प्रायश्चित्ते आहेत. ॲरिस्टॉटल एक पाऊल पुढे जातो. नशेत केलेल्या अपराधाला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा दाखला देऊन तो म्हणतो, की नशा न करणे त्या माणसाच्या हातात होते आणि त्याच्या अज्ञानाचे मूळ त्या नशेत आहे. म्हणजे दोष शोधायचा तो कृतीच्या आधीच्या क्षणात.

इंग्लिश गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड याने १८७७ मध्ये याच मुद्द्यावर एका जहाजमालकाचे उदाहरण रचले. जहाज जुने, अनेकदा डागडुजी केलेले. मालकाच्या मनात शंका येते, पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या तशी हीही होईल अशी तो स्वतःची समजूत घालतो. जहाज बुडते, तो निमूटपणे विम्याचे पैसे घेतो. त्याचा विश्वास प्रामाणिक होता, पण तो बाळगण्याचा हक्क त्याला नव्हता, असे क्लिफर्ड म्हणतो. जहाज सुखरूप पोहोचले असते तरी दोष तेवढाच राहिला असता, असेही त्याचे म्हणणे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये याला उत्तर दिले: पुरावा निर्णायक नसेल आणि निवड पुढे ढकलता येत नसेल, तर पुराव्याआधी विश्वास ठेवणे गैर नाही. वाद गाजला खरा, पण जहाजमालकाला त्याचा उपयोग नाही. त्याला जहाज तपासून घेता आले असते.

विज्ञानाच्या इतिहासातला दाखला अधिक अवघड आहे. व्हिएन्नातील प्रसूतिगृहाच्या एका विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने येणाऱ्या तापाने, मरणाऱ्या बाळंतिणींचे प्रमाण कितीतरी जास्त होते. शवविच्छेदन करून आलेले हात त्याला कारण आहेत हे तिथला डॉक्टर इग्नाझ सेमेलव्हाइस याने ओळखले आणि मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांहून जास्त असलेला मृत्युदर जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आला. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली गेल्या हे देवालाच ठाऊक, असे त्याने पुढे स्वतःबद्दल लिहिले. पण १८४७ पूर्वी त्याला दोषी धरणे कठीण आहे. ते कारण तेव्हा वैद्यकात मान्य झालेले नव्हते. आकडे समोर असताना हात धुण्याची टाळाटाळ करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

आधुनिक चर्चेतली मुख्य अडचण मायकेल झिमरमन आणि गिडियन रोझेन या तत्त्वज्ञांनी मांडली. अज्ञान दोषास्पद ठरायला आधी कुठेतरी हयगय झालेली हवी. पण ती हयगयही अजाणताच झाली असेल तर? मग आणखी मागे जावे लागते. जाणूनबुजून केलेली चूक सापडेपर्यंत ही साखळी थांबत नाही, आणि तशी चूक क्वचितच सापडते. म्हणजे बहुतेकांना दोष देताच येणार नाही. हा निष्कर्ष बहुतेकांना पटत नाही. बेफिकिरी आणि अहंकार हे आपल्याला जाणवले नाहीत तरी दोषच आहेत, असे विरोधक म्हणतात. तेच जास्त सयुक्तिक वाटते. कायदा या साखळीत फारसा शिरत नाही. सत्य कळू नये म्हणून मुद्दाम केलेली डोळेझाक अनेक न्यायव्यवस्था जाणून केलेल्या कृत्याच्या बरोबरीने धरतात.

हयगयीचा नेमका क्षण दाखवायला तत्त्वज्ञांच्या उदाहरणांपेक्षा नाटक जास्त उपयोगी पडते, कारण तिथे पात्राला ठाऊक नसलेले प्रेक्षकाला ठाऊक असते. शेक्सपिअरच्या नाटकात इयागो हा ऑथेल्लोच्या मनात त्याची पत्नी डेस्डिमोना आणि कॅसिओ यांच्या संबंधांविषयी खोटा संशय पेरतो. ऑथेल्लो आंधळेपणाने विश्वास ठेवत नाही. तो पुरावा मागतो आणि त्याला पत्नीचा रुमाल कॅसिओच्या हाती दिसल्याची गोष्ट मिळते. पुढे तो पत्नीची दासी एमिलिया हिची उलटतपासणीही घेतो. डेस्डिमोना आणि कॅसिओ कुजबुजले का, पंखा, हातमोजे, मुखवटा आणायला तुला बाहेर पाठवले का, असे सगळे विचारतो. रुमालाबद्दल मात्र विचारत नाही. तो रुमाल एमिलियालाच सापडला होता आणि तिनेच तो इयागोला दिला होता. त्याने पत्नीचा खून केल्यावर ऑथेल्लोच्या तोंडून रुमालाचा उल्लेख येतो, तेव्हा ती ते लगेच सांगून टाकते.