फिरकी गोलंदाजाची आंतरराष्ट्रीय उमेदवारी

फिरकी गोलंदाजाच्या कारकिर्दीत आंतरराष्ट्रीय पदार्पणापासून संघातील जागा पक्की होईपर्यंतचा काळ हा उमेदवारीचा काळ होय. वेगवान गोलंदाज शरीराच्या जोरावर विशीतच भरात येऊ शकतो. फिरकी गोलंदाजाला मात्र टप्पा, उंची, वेग आणि वळण यांचा मेळ बसवायला वर्षे लागतात, आणि त्यातली बरीच वर्षे त्याला आंतरराष्ट्रीय सामन्यांतच काढावी लागतात. म्हणून पहिल्या एकदोन सामन्यांच्या आकड्यांवरून त्याचे भवितव्य ठरवणे, मग ते निवड समितीने असो वा प्रेक्षकांनी, बहुधा अन्यायाचे ठरते.

शेन वॉर्न यांनी जानेवारी १९९२ मध्ये सिडनीत भारताविरुद्ध पदार्पण केले, तेव्हा १५० धावा देऊन त्यांना एकच बळी मिळाला आणि तोही रवी शास्त्री यांनी २०६ धावा काढल्यानंतर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलंबोला त्यांनी श्रीलंकेचे शेवटचे तीन गडी एकही धाव न देता बाद केले आणि ऑस्ट्रेलियाने तो सामना १६ धावांनी जिंकला. पुढे ते ७०८ बळींपर्यंत पोहोचले. अनिल कुंबळे ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टरला पहिली कसोटी खेळले आणि त्यानंतर दोन वर्षे कसोटी संघाबाहेर राहिले. १९९२ च्या इराणी करंडकाच्या सामन्यात १३ बळी घेऊन ते परतले, त्याच मोसमात जोहान्सबर्गला त्यांनी ५३ धावांत ६ गडी बाद केले आणि ६१९ बळींची वाटचाल खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

याच्या उलट घडलेली उदाहरणे अधिक बोलकी आहेत. खानदेशाच्या सीमेपलीकडील मध्य प्रदेशाकडून, इंदूरला राहून खेळणारे नरेंद्र हिरवाणी यांनी जानेवारी १९८८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी घेतले. पदार्पणातील ही कामगिरी आजवर कोणाला मागे टाकता आलेली नाही. दुसऱ्या डावात यष्टिरक्षक किरण मोरे यांनी पाच फलंदाजांना यष्टिचीत केले, यावरून फलंदाज हिरवाणींच्या उंची दिलेल्या चेंडूकडे किती ओढले जात होते ते कळते. त्याच वर्षी न्यूझीलंडविरुद्धच्या तीन कसोटींत त्यांना आणखी २० बळी मिळाले. पण पहिल्या चार सामन्यांत ३६ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाची कारकीर्द १७ कसोटी आणि ६६ बळींवर थांबली. श्रीलंकेचे अजंता मेंडिस यांनी २००८ मध्ये भारताविरुद्धच्या पहिल्याच कसोटी मालिकेत २६ बळी घेतले; मधल्या बोटाच्या टिचकीने सोडलेला त्यांचा चेंडू कोणत्या बाजूला वळणार हे मुरलेल्या फलंदाजांनाही उमगत नव्हते. चित्रफिती पुन्हापुन्हा पाहून फलंदाजांनी ते कोडे सोडवले आणि मेंडिस यांचा प्रभाव ओसरला. नवखेपणाचे हे भांडवल एकदोन मोसमांत संपते, आणि फलंदाजाला चेंडू हातातूनच ओळखता येऊ लागल्यावर गोलंदाज काय करतो, यावर त्याची उमेदवारी तरते किंवा बुडते.

चेंडूही देशागणिक बदलतो. भारतात वापरल्या जाणाऱ्या एसजी चेंडूची शिवण हाताने घातलेली आणि उठावदार असते, त्यामुळे बोटांना पकड मिळते. ऑस्ट्रेलियातील कूकाबुरा चेंडूची शिवण लवकर बसते आणि तिथे वळणापेक्षा उसळीवर व हवेतील घसरणीवर भर द्यावा लागतो. पहिल्या परदेश दौऱ्यात भारतीय फिरकीपटू अडखळतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांतल्या मुलाला असाच बदल फार आधी भेटतो. तापी खोऱ्यातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. अशा मातीच्या खेळपट्टीवर चेंडू हळूहळू संथ होतो, खाली राहतो आणि वळतो. परंतु मातीची खेळपट्टी राखायला रोलर, पाणी आणि जाणकार माणूस लागतो. लहान गावात ते जमत नसल्याने सामने मुरमावर किंवा सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर होतात. मॅटच्या धाग्यांत चेंडू अडकतो, झटकन वळतो आणि छातीपर्यंत उसळतो, त्यामुळे उंची न देताही बळी मिळत राहतात. हाच मुलगा पुण्याला मातीच्या खेळपट्टीवर उतरला की तो चेंडू सरळ बॅटवर येतो. मग त्याला सगळे नव्याने शिकावे लागते: पुढच्या पायावर अंग पुरते फिरवणे, चेंडूला अधिक फेरे देणे, म्हणजे तो फलंदाजाच्या अंदाजाआधीच खाली पडतो. ऑफस्पिनर तर्जनीच्या कडेने शिवण ओढतो. तिथली कातडी आधी फाटते, मग तिला घट्टा पडतो. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि घामेजल्या बोटांतून चेंडू निसटतो, म्हणून तेव्हाचा सराव सकाळी लवकरच उरकावा लागतो.

मुंबई आणि विदर्भ यांचे संघ वेगळे असल्याने खानदेशातील खेळाडूची वाट महाराष्ट्र क्रिकेट संघटनेतून जाते: जिल्हा संघ, संघटनेच्या निमंत्रितांच्या स्पर्धा, वयोगटांचे संघ आणि त्यानंतर रणजी करंडक. रणजीत सलग काही मोसम लांबलचक षटके टाकल्याशिवाय फिरकीपटू घडत नाही. आता वीस षटकांच्या सामन्यांतून मुले थेट भारतीय संघात पोहोचतात, पण चार षटकांच्या हप्त्यात फलंदाजाला फसवण्याचा डाव रचायला सवड मिळत नाही.

खानदेशाला लागून असलेल्या नाशिकमध्ये जन्मलेले बापू नाडकर्णी याच महाराष्ट्र संघातून पुढे आले. १९५५ मध्ये दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध, विनू मांकड विश्रांती घेत असताना, त्यांना संधी मिळाली. त्यांनी नाबाद ६८ धावा केल्या, पण बळी एकही मिळाला नाही, आणि मांकड परतताच त्यांची जागा गेली. सरावात ते खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर टप्पा टाकत, असे सांगितले जाते. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ निर्धाव षटके टाकली. त्या डावातील ३२ षटकांत त्यांनी अवघ्या ५ धावा दिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पदार्पणानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एका कसोटीत ११ बळी घेतले.