गोधडीकामाचा हत्ती शिवताना: आधी टीप, मग कात्री

आमच्याकडून गोधडीकामाच्या खेळण्यातल्या कापडी हत्तीचे किट नेणारे ग्राहक एक प्रश्न वारंवार विचारतात. हत्तीचे अंग, पोट आणि डोक्याची पट्टी कापून मिळते, मग कान, झूल आणि पायांचे तळवे यांचे कापड अखंड का दिले जाते? ज्यांनी हा प्रश्न न विचारता ते कापड घरी आधी आकारात कापून घेतले, त्यांच्यापैकी बरेच जण अर्धवट शिवलेला हत्ती घेऊन दुकानात येतात आणि पेपर कटिंगमध्ये (आकार आखण्याच्या कागदी साच्यात) चूक असल्याचे सांगतात. पेपर कटिंग बरोबर असते. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. सिन्नर, निफाड किंवा येवल्याहून एवढ्यासाठी नाशिकला खेप घालावी लागू नये, म्हणून हे माहितीपत्रक आता प्रत्येक किटसोबत दिले जात आहे. कृपया कात्री हातात घेण्यापूर्वी ते वाचावे.

कापड आत का येते

वरचे कापड, मधले वॅडिंग (फुगीर, मऊ थर) आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र ठेवून त्यांवर टिपा मारल्या, की कापड दोन टिपांच्या मधे फुगून वर येते. ही फुगवटी हेच या कामाचे सौंदर्य आहे. परंतु वर चढण्यासाठी लागणारे कापड बाजूंनीच ओढले जाते आणि त्यामुळे तुकड्याची लांबी-रुंदी कमी होते. टिपांमध्ये अर्ध्या इंचाचे अंतर ठेवल्यास 12 इंचांचा तुकडा सहज पाव ते अर्धा इंच आत येतो. टिपा जितक्या जवळ आणि वॅडिंग जितके जाड, तितके हे आकसणे वाढते.

दुसरे कारण मशीनमध्ये आहे. मशीनचे दाते खालच्या थराला पुढे ओढतात, तर वरचा थर प्रेसर फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) दाबाखाली किंचित मागे रेंगाळतो. तुकडा मोठा असेल तर हा फरक कडेला जमा होतो आणि ती कड आपण नंतर कापूनच टाकतो. तुकडा आधीच कानाच्या आकारात कापलेला असेल तर मात्र हा फरक थेट कानाच्या आकारात उतरतो. वरचा थर एका बाजूला सरकतो, खाली अस्तर डोकावते आणि जोडणीच्या खुणा एकमेकींसमोर येत नाहीत.

कानात हा दोष एक वेळ खपून जातो, कारण कानाची कड मोकळी असते. तळव्यात तो खपत नाही. आमच्या हत्तीचा तळवा शिवून झाल्यावर सव्वादोन इंच व्यासाचा असावा लागतो, म्हणजे त्याचा घेर साधारण 7 इंचांचा होतो. व्यास एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी झाला की घेर तीन सूत कमी होतो. पायाचे तोंड मात्र पूर्वीइतकेच राहते. हे तीन सूत कापड चुण्या घालून बसवावे लागते, आणि चारही पायांना वेगवेगळ्या चुण्या पडल्या की हत्ती एका बाजूला कलतो. आमच्याकडे परत आलेल्या बहुतेक हत्तींची तक्रार ‘उभा राहत नाही’ हीच असते, आणि ग्राहक तिचे कारण भरणीत शोधत असतात. कारण तळव्यात असते.

फेल्टची (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची) खेळणी शिवून हात बसलेल्यांकडून ही चूक अधिक होते, आणि ते स्वाभाविक आहे. फेल्टची कड उसवत नाही, त्यावर वॅडिंग लागत नाही, त्यामुळे आधी कापून मग शिवणे हाच तेथील योग्य क्रम आहे. जर्मनीतील गिंगेन येथील मार्गारेट श्टाइफ यांनी 1880 साली टाचण्या खोचण्यासाठी केलेला आणि पुढे मुलांनी खेळायला घेतलेला प्रसिद्ध हत्तीही फेल्टचाच होता. सुती कापड आणि वॅडिंग यांना तो क्रम लागू पडत नाही.

कामाचा योग्य क्रम

किटमध्ये कानांसाठी 9 × 16 इंच, झुलीसाठी 9 × 11 इंच आणि चार तळव्यांसाठी 4 × 14 इंच असे तीन अखंड तुकडे, तेवढेच वॅडिंग आणि तेवढेच मांजरपाटाचे अस्तर दिलेले आहे. हे तुकडे जसेच्या तसे एकावर एक ठेवावेत. अस्तर ताणून न धरता सपाट पसरावे, त्यावर वॅडिंग, त्यावर मुख्य कापड सुलट बाजू वर करून ठेवावे आणि हाताने लांब कच्चे टाके घालून तिन्ही थर एकत्र बांधावेत. नुसत्या टाचण्यांवर विसंबू नये. वॅडिंगमध्ये टाचणी सरकते आणि कधी कधी आतच राहून जाते, जे लहान मुलाच्या खेळण्यात चालण्यासारखे नाही.

पहिली टीप तुकड्याच्या मध्यावर मारावी. तेथून एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे अशा टिपा कडेपर्यंत न्याव्यात. टाका थोडा लांब, साधारण 3 मिलिमीटरचा ठेवावा आणि 14 नंबरची सुई वापरावी. घरच्या साध्या काळ्या मशीनवर डोक्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल केल्यास थर कमी सरकतात. एवढ्या एका गोष्टीने अर्धी अडचण दूर होते, तरी त्या स्क्रूला सहसा कोणी हात लावत नाही.

टिपा पूर्ण झाल्यावर तुकडा सपाट टेबलावर ठेवावा आणि त्यावर पेपर कटिंग ठेवून खडूने आकार आखावा. पेपर कटिंगमध्ये शिवणीसाठी दोन सूत मार्जिन धरलेले आहे, ते पुन्हा वाढवू नये. यानंतरची पायरी अनेक जण सोडून देतात आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे: आखलेल्या रेषेच्या एक सूत आतून सर्व बाजूंनी एक टीप फिरवून घ्यावी आणि मगच रेषेवर कात्री चालवावी. ही टीप मार्जिनमध्येच जाते, म्हणून बाहेरून कधीही दिसत नाही. परंतु कापताना तुटलेल्या सर्व टिपांची टोके ती धरून ठेवते. ती नसेल तर कान उलटवून सुलट करताना कडेच्या टिपा उसवू लागतात आणि वॅडिंग आत गोळा होते. कापून झाल्यावर तळव्यांच्या मार्जिनमधले वॅडिंग अणकुचीदार कात्रीने टिपेपर्यंत काढून टाकावे, म्हणजे पायाच्या कडेला शिवण जाड होत नाही.

कानाचा दुसरा आकार आखताना पेपर कटिंग पालथे करावे. दोन्ही कान एकाच बाजूचे कापले गेले, तर त्या तुकड्यात तिसरा कान निघत नाही.

घरी गोधडी शिवणाऱ्यांसाठी

ज्यांच्या घरी आजी-आईने गोधड्या शिवल्या, त्यांचा धावदोरा आमच्यापेक्षा सरस असतो, हे आम्ही आदराने मान्य करतो. हाताने घातलेला धावदोरा या हत्तीवर मशीनच्या टिपेपेक्षा कितीतरी अधिक शोभतो आणि आम्ही स्वतः तोच सुचवतो. फरक एवढाच, की आपल्याकडील पुष्कळ गोधड्यांमध्ये टाके कडेपासून सुरू होऊन चौकटीत चौकट करीत मध्याकडे येतात. जुन्या लुगड्यांचे थर पातळ आणि सपाट असल्यामुळे तेथे ते उत्तम जमते. वॅडिंग मात्र फुगीर असते. कड आधी बांधली गेली की मधले जास्तीचे कापड बाहेर पडू शकत नाही आणि झुलीच्या ऐन मध्यावर फुगा राहतो. म्हणून या कामात मध्यापासून कडेकडे यावे. ज्यांना चौकटीचीच नक्षी हवी आहे, त्यांनी वॅडिंगऐवजी जुन्या सुती साडीचे दोन-तीन थर घालावेत. झूल थोडी सपाट दिसते, पण हाताला फार छान लागते.

‘मग तुम्हीच कापून का देत नाही?’

अंगाचे तुकडे आम्ही कापून देतो, कारण त्यांवर गोधडीकाम नाही आणि ते आकारात कायम राहतात. गोधडीकामाचे तुकडे आधीच कापून दिले तर आपल्या हाताच्या ताणाने, आपल्या मशीनच्या दाबाने आणि आपण निवडलेल्या टिपांच्या अंतराने ते किती आत येतील, हे आम्ही दुकानात बसून ठरवू शकत नाही. काही ठिकाणी मिळणाऱ्या किटमध्ये असे तुकडे अंदाजाने थोडे मोठे कापून दिलेले असतात. टिपा विरळ मारणाऱ्याला ते मोठे पडतात आणि दाट मारणाऱ्याला लहान. अखंड कापड देण्यात आमचे कापड अधिक जाते आणि किटची किंमतही त्यामुळे थोडी वाढते. परंतु आपण टिपा कितीही दाट मारल्या तरी आकार बरोबर येतो, आणि उरलेल्या कडांमधून शेपटीचा गोंडा होतो.

बाजारात मीटरवर मिळणारे तयार क्विल्टेड कापड वापरावे का, असेही विचारले जाते. टिपा मारलेले कापड असेल तर अवश्य वापरावे. काही कापडांवर मात्र टीप नसते, थर उष्णतेने ठिपक्या-ठिपक्यांवर चिकटवलेले असतात. असे कापड उलटवताना थर सुटतात. घेण्यापूर्वी मागच्या बाजूला दोरा दिसतो का, हे पाहावे.

आपल्या घरचे कापड वापरायचे असल्यास

बाळाच्या आजीची साडी किंवा बाळाचे पहिले झबले या हत्तीत यावे, अशी अनेकांची इच्छा असते आणि आम्हाला हे काम मनापासून आवडते. वापरलेली सुती साडी पुन्हा आटत नाही, म्हणून ती निर्धास्त घ्यावी. नवे सुती कापड मात्र आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करूनच घ्यावे. किटमधील कापड आम्ही पाण्यातून काढूनच देतो.

आपला जिल्हा येवल्याचा, त्यामुळे झुलीसाठी पैठणीचा तुकडा घेऊन येणारे ग्राहकही पुष्कळ आहेत. पैठणी पाण्यात घालू नये. तिच्या मागे पातळ सुती कापड जोडून मगच गोधडीकाम करावे, सुई 11 नंबरची घ्यावी आणि टीप चुकणार नाही अशा बेताने सावकाश काम करावे, कारण रेशमात सुईचे भोक कायमचे राहते. अस्सल हातमागाच्या पदरावरील नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, म्हणून जी बाजू कमी झिजली असेल ती वर घेता येते. जरीची तार टोचते, म्हणून जरीकाठ झुलीवरच ठेवावा, कानाला किंवा सोंडेला लावू नये. पैठणीची झूल लावलेला हत्ती शोभेचा समजावा. तो धुता येणार नाही.

उरलेली शिलाई

अंगाची शिलाई आपल्या परिचयाची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. शिवताना टाका लहान, दोन ते अडीच मिलिमीटरचा ठेवावा, कारण भरणीचा सगळा ताण शिवणीवर येतो. सोंडेच्या आतल्या वळणावर टिपेच्या अगदी जवळपर्यंत खाचा द्याव्यात. खाचा अपुऱ्या राहिल्या की सोंडेला सुरकुत्या पडतात. भरण्यासाठीचे तोंड पोटाच्या सरळ शिवणीत तीन इंच ठेवावे आणि दोन्ही टोकांना उलट टीप मारावी. किटमधील पाव किलो फायबर संपूर्ण वापरावा. आधी सोंड आणि पाय, मग डोके आणि शेवटी अंग, या क्रमाने लहान लहान पुंजके पिंजून भरावेत. पाय मऊ राहिले तर तळवे कितीही बरोबर असले तरी हत्ती उभा राहणार नाही.

तीन वर्षांखालील मुलासाठी डोळे दोऱ्याने भरावेत. बटण किंवा मणी लावू नये. किटमध्ये काळा भरतदोरा त्यासाठीच दिला आहे आणि बटणे मागूनही आम्ही या किटसोबत देत नाही.

तयार हत्ती थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावा, पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि हवेशीर जागी वाळवावा. पावसाळ्यात शक्यतो धुणे टाळावे, आतला फायबर ओला राहिला तर वास धरतो. कान आणि झूल यांवर गरम इस्त्री फिरवू नये; वॅडिंग पॉलिएस्टरचे असल्याने ते चपटे होते आणि पुन्हा फुगत नाही.

हत्ती शिवून विकता येतील का, असे काही भगिनी विचारतात. किट घरगुती वापरासाठी आहे. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे, आणि नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. विक्रीचा विचार असल्यास आधी नोंदणीची चौकशी करावी.

ज्यांना गोधडीकामाला वेळ नाही, त्यांच्यासाठी टिपा मारून तयार केलेले कान, झूल आणि तळव्यांचे अखंड तुकडे आमच्याकडे वेगळे मिळतात. ते फक्त आखून, कडेची टीप फिरवून कापायचे असतात. आपली साडी आणून दिल्यास तिच्यावरही आम्ही टिपा मारून देतो. दिवाळीच्या आधी या कामाची गर्दी होते, म्हणून साडी दसऱ्यापूर्वी द्यावी. तुकडे आधीच कापले गेले असतील तर नवे किट घेण्याची गरज नाही. तीन अखंड तुकड्यांचा सुटा संच केवळ कापड आणि वॅडिंगच्या किमतीत मिळतो. येताना शिवलेले अंग सोबत आणावे, म्हणजे पायाच्या तोंडाचा घेर मोजून तळवे त्याच मापाचे आखून देता येतात.