घड्याळाचं ब्लूटूथ आणि घड्याळाचं ॲप: फोनची बॅटरी खातं कोण?

स्मार्टवॉच घेतल्यावर फोन संध्याकाळपर्यंत टिकेनासा झाला की पहिला हात जातो ब्लूटूथच्या बटणावर. ते बंद केलं की बॅटरी पुन्हा टिकायला लागते आणि आपल्याला वाटतं, सापडला गुन्हेगार. पण ब्लूटूथ बंद झालं की घड्याळाच्या ॲपचंही बहुतेक काम थांबतं. दोघं एकदमच गप्प बसतात, म्हणून या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. बहुतेक वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

घड्याळ आणि फोन यांचं रोजचं बोलणं ‘ब्लूटूथ लो एनर्जी’वर चालतं. २०१० च्या ब्लूटूथ ४.० मध्ये ते आलं, तेच मुळी बटणासारख्या छोट्या सेलवर चालणाऱ्या उपकरणांसाठी. ‘कनेक्टेड’ असं कायम दिसत असलं तरी ब्लूटूथचा रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारा भाग, सतत चालू नसतो. साडेसात मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत जे अंतर ठरलं असेल, त्या अंतराने दोन्ही बाजू क्षणभर जाग्या होतात, काही द्यायचं असेल तर देतात आणि पुन्हा झोपतात. शिवाय हीच जोडणी घड्याळही सांभाळत असतं. त्याची बॅटरी साधारण ३०० एमएएचची, फोनची ५,००० च्या आसपास. जी जोडणी ३०० मध्ये कित्येक दिवस निभते, ती ५,००० चा फडशा एका दिवसात कसा पाडेल? घड्याळावरून कॉल घेतला तर आवाजासाठी सहसा जास्त वीज खाणारं क्लासिक ब्लूटूथ लागतं, पण तेही बोलणं चालू असेपर्यंतच.

ॲपचं तसं नाही. घड्याळाच्या डायलवर दिसणारा तापमानाचा तो चिमुकला आकडा घ्या. तो ताजा ठेवायला ॲप फोनचा प्रोसेसर जागा करतं, आपण कुठे आहोत ते लोकेशनला विचारतं, मोबाइल डेटावरून हवामान आणतं आणि मग घड्याळाकडे धाडतं. यात ब्लूटूथचा वाटा शेवटच्या काही बाइटांचा. खरा खर्च त्याआधीच होऊन गेलेला असतो. पावलं, झोप, नाडीचे ठोके सर्व्हरवर चढवणं हाही त्यातलाच प्रकार. (नाडी सतत मोजल्याने फोन उतरतो हा मात्र गैरसमज. मोजणारा सेन्सर घड्याळात असतो, बॅटरी घड्याळाचीच जाते. फोनला भुर्दंड पडतो तो सिंक करताना.) सगळ्यात महाग पडतं ते उसनं जीपीएस: घड्याळात स्वतःचं नसेल तर धावण्याची किंवा सायकलिंगची पूर्ण नोंद फोनच्या जीपीएसवर होते. आणि घड्याळ लांब राहिलं की काही ॲपं ते शोधत बसतात; जोडणी टिकवण्यापेक्षा असं शोधणं कितीतरी खर्चिक.

अँड्रॉइडवर ॲपचं नोटिफिकेशन वर कायम चिकटलेलं असतं, ते बघून लोक वैतागतात. तो काही पुरावा नव्हे. पार्श्वभूमीवर सतत चालणाऱ्या ॲपने आपण चालू आहोत हे दाखवलंच पाहिजे, असा सिस्टिमचा नियमच आहे. पुरावा सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर मिळतो. ॲप उघडलेलं नसताना, म्हणजे पार्श्वभूमीवर, त्याने किती वेळ काम केलं ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे दिसतं. तुम्ही दिवसभरात ॲप उघडलंही नाही आणि तिथे तासन्‌तास दिसतायत, तर संशय योग्य जागी आहे.

मग आधी हवामान बंद करा, नाहीतर लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरताना फक्त’ अशी ठेवा. अँड्रॉइड ११ पर्यंत आसपासचं ब्लूटूथ उपकरण शोधायलाही लोकेशनचीच परवानगी लागायची, म्हणून जुन्या फोनवर ती पूर्ण काढली तर घड्याळ सापडेनासं होऊ शकतं. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आहे. घड्याळावर कुठल्या ॲपची नोटिफिकेशन्स यावीत, तेही छाटून टाका.

ॲपला बॅटरी सेटिंगमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ करायचा, म्हणजे पार्श्वभूमीवर चालण्यापासून अडवायचा मोह मात्र टाळा. सिस्टिम ते मारते, जोडणी तुटते, ॲप जागं होऊन पुन्हा जोडायला जातं, साठलेला डेटा ओढतं आणि परत मारलं जातं. बॅटरी वाचेलच असं नाही, वर मेसेज उशिरा येतात ते वेगळंच.