पवनविद्युत् विकास, भारतातील

वाऱ्याच्या गतिज ऊर्जेपासून मोठ्या प्रमाणावर वीज निर्माण करून ती विद्युत् जालकात (ग्रिडमध्ये) सोडण्याची भारतातील व्यवस्था व तिची वाढ. मार्च २०२५ अखेर देशाची स्थापित पवनविद्युत् क्षमता ५० गिगावॉटच्या किंचित वर गेली. चीन, अमेरिका व जर्मनी यांच्यानंतर जगात भारताचा क्रमांक लागतो. देशातील एकूण स्थापित क्षमतेत पवनचक्क्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या घरात आहे. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत मात्र तो साडेचार टक्क्यांच्या आसपासच भरतो (२०२४-२५ मध्ये सुमारे ८३ अब्ज युनिट), कारण वारा वर्षभर सारख्या जोराने वाहत नाही. क्षमता आणि वीज या दोन आकड्यांतील तफावत ध्यानात घेतल्याखेरीज या क्षेत्राच्या इतिहासातील बरेचसे चढउतार उलगडत नाहीत.

भारताची विजेची भूक मोठी आहे आणि वाढती आहे. ३० मे २०२४ रोजी देशातील कमाल मागणी २५० गिगावॉटला टेकली, तरीही दरडोई वापर जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. अशा देशात नवा वीजस्रोत जुन्याची जागा घेत नाही, तो वाढत्या मागणीच्या मागे धावतो. कोळशावरील निर्मिती व पवनविद्युत् दोन्ही एकाच काळात वाढत गेल्या, त्याचे कारण यात आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी : वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा ७ मीटरचा झाला, तर उपलब्ध शक्ती सुमारे ५९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जागेची निवड करताना वेगातील लहानशी चूकही प्रकल्पाचे अर्थकारण बिघडवते. वाऱ्यातील ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जा पाती काढून घेऊ शकतात. ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट बेट्स यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रिटनचे लँचेस्टर यांनी १९१५ मध्ये या निष्कर्षाच्या जवळचे गणित मांडले होते आणि रशियाचे झुकोव्ह्‌स्की बेट्स यांच्याच सुमारास तेथे पोचले होते. म्हणून काही अभ्यासक तिघांचीही नावे जोडतात आणि ते अधिक न्याय्य वाटते.

भारतात, विशेषतः सह्याद्रीत, हवेच्या घनतेचाही विचार करावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीच्या पठारावर हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते. तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यापासून तेथे त्याच प्रमाणात कमी वीज मिळते. युरोपातील वेगवान वाऱ्यांसाठी बेतलेली यंत्रे जशीच्या तशी आणून उभारण्यात आली, तेव्हा अपेक्षेइतकी वीज न मिळण्यामागे मंद वारा, विरळ हवा व उन्हाळ्यातील तापमान ही तिन्ही कारणे होती. आजची यंत्रे मंद वाऱ्यासाठी मुद्दाम घडवलेली असतात. १९८६ मधील ५५ किलोवॉटच्या यंत्राच्या पात्यांचे वर्तुळ सुमारे १५ मीटर व्यासाचे होते; ३ मेगावॉटच्या सध्याच्या यंत्रांत ते १४० मीटरपलीकडे गेले आहे.

प्रारंभ : भारतातील पवनविद्युतेचा आरंभ केव्हा धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. डिसेंबर १९५२ मध्ये विद्युत् अभियंते माणेकलाल सांकळचंद ठक्कर यांच्या पुढाकाराने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने वाऱ्यापासून ऊर्जा मिळवण्याच्या शक्यतेचा अभ्यास हाती घेतला आणि पी. नीलकंठन यांच्याकडे पवनशक्ती उपसमितीचे काम सोपवले. पुढे १९६० च्या सुमारास बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत पवनशक्तीचा स्वतंत्र विभाग निघाला. या काळातील कामाचा भर वाऱ्याच्या वेगाची मोजणी आणि पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या यांवर होता. जालकाला वीज देणे हा हेतू नव्हता. त्यामुळे १९५२ हे वर्ष संशोधनाचा आरंभ म्हणून मान्य करता येते, विद्युत् निर्मितीचा म्हणून नाही.

दुसरे मत १९८५ चे. त्या वर्षी गुजरातेत वेरावळ येथे पोलेंको या डच बनावटीचे ४० किलोवॉटचे यंत्र जालकाला जोडले गेले. गुजरात ऊर्जा विकास अभिकरण आणि एक खाजगी कंपनी यांचा तो संयुक्त उपक्रम होता. यंत्राची कामगिरी निराशाजनक ठरली, तरी भारतीय जालकाशी पवनचक्की जोडता येते हे त्याने दाखवून दिले. तिसरे मत १९८६ मधील प्रात्यक्षिक प्रकल्पांचे. केंद्र सरकारच्या साहाय्याने महाराष्ट्रात रत्नागिरी, गुजरातेत ओखा व तमिळनाडूत तुतुकुडी येथे व्हेस्टास या डॅनिश कंपनीच्या ५५ किलोवॉटच्या यंत्रांचे गट उभारण्यात आले. कच्छमधील मांडवीलाही पहिलेपणाचा मान दिला जातो. आशियातील पहिले पवनक्षेत्र असा तिचा उल्लेख आढळतो. एकटे यंत्र आणि यंत्रांचा गट यांत फरक करायचा, तर वेरावळचा प्रयोग पूर्वतयारी ठरतो आणि विकासाचा आरंभ १९८६ पासून मोजणे अधिक सयुक्तिक दिसते. पुढच्या काही वर्षांत डेन्मार्कच्या मदतीने गुजरातेतील लांबा आणि तमिळनाडूत मोठे प्रकल्प झाले. खाजगी गुंतवणूकदारांचे लक्ष या क्षेत्राकडे वळले ते त्यांच्यामुळे.

वाऱ्याचे सर्वेक्षण : या विकासाचा पाया वातावरणविज्ञांनी घातला, आणि त्यांत अ‍ॅना मणी (१९१८–२००१) यांचे स्थान वेगळे आहे. पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणे देशात बनवण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. भारतीय हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी देशभरातील वाऱ्याच्या नोंदींचे संकलन व नव्या ठिकाणी मोजणी हे दोन्ही कार्य हाती घेतले. हवामान खात्याची जुनी केंद्रे बहुधा शहरांत व विमानतळांवर होती आणि वाऱ्याच्या जागा डोंगरमाथ्यांवर. ही उणीव त्यांच्या सर्वेक्षणाने भरून काढली. १९९८ मध्ये चेन्नई येथे पवनऊर्जा तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था.

देशाची पवनक्षमता किती, याचे उत्तर मनोऱ्याच्या उंचीनुसार बदलत गेले. ५० मीटर उंचीवर ते सुमारे ४९ गिगावॉट होते, ८० मीटरवर सुमारे १०३, १०० मीटरवर ३०२, १२० मीटरवर ६९५ आणि १५० मीटरवर १,१६४ गिगावॉट. एवढ्या वाढीमागे जास्त उंचीवरचा वेगवान वारा जसा आहे, तसेच जमिनीच्या उपलब्धतेविषयीचे बदललेले गृहीतकही आहे. म्हणून हे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहणे धोक्याचे.

कर, दर व लिलाव : भारतात पवनचक्क्या कोठे उभ्या राहिल्या हे वाऱ्याने ठरवले, किती व केव्हा, हे बव्हंशी करकायद्याने. १९९० नंतरच्या दशकात पवनयंत्राचा पूर्ण घसारा (यंत्राची घटती किंमत) पहिल्याच वर्षी करपात्र नफ्यातून वजा दाखवण्याची मुभा होती. त्यामुळे कर वाचवण्यासाठी नफ्यातील कंपन्या मार्चअखेरच्या आधी यंत्रे उभारीत. सवलत गुंतवणुकीवर होती, विजेवर नव्हती. त्यामुळे यंत्र नंतर किती फिरते याकडे काही मालकांचे फारसे लक्ष नसे. या काळातील पुष्कळ चांगल्या जागा लहान व हलक्या यंत्रांनी अडवल्या गेल्या आणि तो तोटा आजतागायत भरून निघालेला नाही. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने प्रतियुनिट ५० पैसे उत्पादनाधारित प्रोत्साहन आणले, त्यामागे हाच अनुभव होता.

वीज कायदा २००३ ने राज्य नियामक आयोगांना अक्षय ऊर्जेची खरेदी बंधनकारक करण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ च्या आदेशात नव्या पवनप्रकल्पांना पहिल्या वर्षी प्रतियुनिट ३.५० रुपये व पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ असा दर बांधून दिला. ठरावीक दराची ही पद्धत फेब्रुवारी २०१७ मध्ये मोडली. पहिल्या राष्ट्रीय लिलावात दर ३.४६ रुपयांवर आला आणि डिसेंबरपर्यंत गुजरातेतील लिलावात २.४३ रुपयांपर्यंत घसरला. ग्राहकाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह होते. परंतु २०१६-१७ मध्ये सुमारे ५,५०० मेगावॉटची भर पडली होती, ती पुढच्या वर्षी १,७६६ मेगावॉटवर आली. अनेक लहान उत्पादक व सुटे भाग पुरवणारे कारखाने या दोन वर्षांत अडचणीत आले. सर्वांत स्वस्त वीज म्हणजे सर्वाधिक वारा, या न्यायाने प्रकल्प गुजरात व तमिळनाडूकडे एकवटले. महाराष्ट्राची वाढ तेव्हापासून मंदावली. २०१५ च्या राज्य धोरणात ५,००० मेगावॉट नव्या पवनप्रकल्पांचे उद्दिष्ट होते. मार्च २०२५ अखेर राज्याची एकूण क्षमता ५,३०० मेगावॉटच्या आत होती.

प्रदेश : तमिळनाडूत पश्चिम घाटातील खिंडी (पालघाट, शेंकोट्टई, आरल्वायमोळी) नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याला नरसाळ्याप्रमाणे आवळून वेग देतात. मुप्पंदल हे गाव आरल्वायमोळी खिंडीच्या तोंडाशी आहे. तेथील वाढीला कोइमतूर भागातील कापडगिरण्यांनी स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या यंत्रांचा मोठा हातभार लागला. गुजरातेत कच्छ व सौराष्ट्र, राजस्थानात जैसलमेर, कर्नाटकात चित्रदुर्ग-गदग ही अन्य प्रमुख क्षेत्रे होत.

महाराष्ट्रात देवगडजवळील जामसंडे व साताऱ्यातील चाळकेवाडी येथे महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाचे प्रात्यक्षिक प्रकल्प झाले. त्यानंतर १९९९ च्या सुमारास, विक्रीकर सवलतीच्या आधारे, सातारा जिल्ह्यात वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर या पठारांवर यंत्रांची दाटी झाली. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात ती नंतर पसरली. तेथे वनजमिनीवरील हक्कांवरून आदिवासींची आंदोलनेही झाली. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या सुझलॉन या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे.

वनकुसवड्याचे पठार कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या माथ्यावर आहे आणि या शेजाराचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. कोयना प्रकल्पाला पश्चिमेकडे वळवण्यासाठी कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले आहे. पाण्याचा वाटा बांधलेला असल्याने पावसाळ्यात, पवनचक्क्या भरात असताना, जलविद्युत् आवरती घेतली तर वाचलेले पाणी मार्च ते मे या टंचाईच्या महिन्यांत टर्बाइनवर सोडता येते. एकाच डोंगराच्या माथ्यावरचा वारा व पायथ्याचे पाणी यांचे असे एकत्रित नियोजन हा राज्याला उपलब्ध असलेला सर्वांत स्वस्त साठा म्हणता येईल.

याच पठारांवर जुनी यंत्रे काढून मोठी बसवण्यास वाव आहे. अडचण रस्त्याची आहे. सत्तर मीटर लांबीचे अखंड पाते घाटाच्या वळणांवरून वर नेणे हे यंत्र उभारण्याइतकेच अवघड काम आहे. शिवाय एकेका जुन्या यंत्राचा मालक वेगळा असल्याने चार-पाच यंत्रांच्या जागी एक बसवायचे, तर आधी मालकांचे एकमत व्हावे लागते.

जालकाशी मेळ : देशातील वार्षिक पवनविजेचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत निर्माण होतो. महाराष्ट्रात याच काळात कृषिपंप थांबतात व मागणी उतरते. जुन्या यंत्रांतील प्रवर्तन जनित्रे (इंडक्शन जनरेटर) स्वतःचे चुंबकीय क्षेत्र टिकवण्यासाठी जालकातून प्रतिघाती शक्ती (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर) ओढून घेत, त्यामुळे खेड्यांतील वाहिन्यांचा विद्युत् दाब घसरे. नियमानुसार पवनविजेला आधी वाट देणे बंधनकारक असले, तरी तमिळनाडूत ऐन हंगामात यंत्रे बंद ठेवायला लावल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. हरित ऊर्जा मार्गिका ही पारेषणाची (वीज दूरवर वाहून नेण्याची) योजना यावर उपाय म्हणून आखली गेली.

पर्यावरण : चाळकेवाडीच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) झालेले संशोधन जगभर उल्लेखिले जाते. मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले. परिणामी गळ्याशी रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची संख्या तेथे वाढली. त्यांच्या रक्तातील ताणसंप्रेरक कमी होते, आणि माणूस बराच जवळ जाईपर्यंत ते पळत नसत. पवनचक्की अन्नसाखळीत वरच्या शिकाऱ्यासारखा परिणाम घडवते, असा याचा अर्थ लावला गेला. राजस्थान व गुजरातेत माळढोक पक्षी वीजवाहिन्यांवर आदळून मरत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली.

पवनचक्क्या ढग पळवतात व पाऊस कमी करतात, अशी समजूत सातारा, सांगली, धुळे या जिल्ह्यांतील दुष्काळी भागांत प्रचलित आहे. मोसमी पावसाची प्रणाली शेकडो किलोमीटर रुंद व अनेक किलोमीटर उंच असते. शंभर-सव्वाशे मीटर उंचीच्या यंत्राने ती बदलत नाही. ज्या गावाची जमीन गेली, त्याला वीज किंवा रोजगार फारसा मिळाला नाही, हा या समजुतीमागचा खरा रोष आहे आणि तो निराधार नाही.

अन्य देश : ब्राझीलमध्ये ईशान्येचा वारा कोरड्या ऋतूत, जलाशय खाली जातात तेव्हाच, जोर धरतो, २००९ पासूनच्या लिलावांनी तेथील क्षमता झपाट्याने वाढली. पाकिस्तानात सिंधमधील झिंपीर, इथिओपियात अशेगोडा व मोरोक्कोत तारफाया येथे मोठे प्रकल्प आहेत. केन्यातील तुर्काना सरोवराजवळ ८५० किलोवॉटची ३६५ यंत्रे २०१७ मध्ये उभी राहिली. तेथून सुस्वापर्यंतची सुमारे ४३० किलोमीटरची पारेषण वाहिनी सप्टेंबर २०१८ मध्ये पूर्ण झाली. तोवर ती यंत्रे जालकाला वीज न देता नुसती उभी होती.