एल पासोचं डाउनटाउन पोस्ट ऑफिस: मागची गोष्ट

टेक्सासच्या पार पश्चिम टोकाला एल पासो, नदीपलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ. डाउनटाउनमध्ये मिल्स अव्हेन्यूवर पोस्टाची जी इमारत आहे ती 1917 ची. 1881 ला रेल्वे आली आणि गाव फुगलं, हे सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही. 1900 मध्ये सोळा हजारांच्या आत असलेली वस्ती 1910 ला 39 हजारांवर आणि 1920 ला 77 हजारांवर गेली, मग जुनी जागा पुरणार कशी. त्यात जानेवारी 1913 पासून सरकारी पार्सल सेवा सुरू झाली. आधी पोस्ट चार पौंडांच्या वरचं काही घ्यायचंच नाही, ते लिमिट एकदम 11 वर आणि वर्षभरात, जवळच्या अंतरासाठी, 50 पौंडांवर गेलं. काउंटरमागे पाकिटांऐवजी खोकी रचायची वेळ आली.

आणि समोर, नदीपलीकडे, मेक्सिकोची क्रांती चालू. मे 1911 मध्ये हुआरेझ क्रांतिकारकांच्या हाती पडलं तेव्हा एल पासोचे लोक गच्चीवर चढून लढाई बघत होते. पलीकडे ज्याची सत्ता त्याचा शिक्का, जुन्याच तिकिटांवर नव्या गटाचं नाव छापून चालवायचे. 1916 मध्ये सीमेवर लाखाच्या वर सैनिक आणून बसवले, त्यांना लढायला फारसं काही नव्हतं, मग घरी कार्डं पाठवायचे. तंबू, तोफा, कधी कधी प्रेतंसुद्धा, असे फोटो छापलेली पोस्टकार्डं एल पासोतच तयार होऊन हजारांनी खपायची आणि एका सेंटात देशभर जायची.

आता खरा वादाचा मुद्दा, इमारत कोणी ठरवली. 1893 च्या एका कायद्यानं सरकारी इमारतींसाठी खाजगी आर्किटेक्टना स्पर्धेतून काम देता यायचं. खर्च जास्त होतो म्हणून 1912 मध्ये तो रद्द झाला आणि सगळं परत वॉशिंग्टनच्या खजिना खात्याकडे गेलं. गंमत म्हणजे एल पासोचं डाउनटाउन तेव्हा एक स्थानिक फर्मच घडवत होती, तेही रीइन्फोर्स्ड काँक्रीटमध्ये, जेव्हा हा प्रकार बऱ्याच ठिकाणी नवलाचा होता. पण पोस्टाला मिळाली ती देशभर चालणारी ग्रीक-रोमन धाटणी. वर 1915 मध्ये खात्यानं पोस्टांची वर्गवारीच लावली, ऑफिसचं उत्पन्न जेवढं तेवढा भारी दगड: वरच्या वर्गाला संगमरवर नाहीतर ग्रॅनाइट, मधल्याला चुनखडीचा दगड, छोट्या गावाला वीट. खात्याचा प्रमुख आर्किटेक्टही त्या काळात ‘प्रभारी’च होता, मूळचा वकील, आणि प्रभारी म्हणून त्यानं जवळपास वीस वर्षं काढली! त्यामुळे अशा इमारतींवर त्याचं नाव दिसलं म्हणजे नकाशे त्यानं काढले असं अजिबात नाही. सरकारी काम म्हणून हे खपून गेलं, पण गावातली फर्म सोडून वॉशिंग्टनचा ठरलेला साचा घ्यायचा हा निर्णय मला तरी करंटा वाटतो. मुंबईचं जीपीओ याच सुमाराचं, 1913 चं, तेही सरकारी आर्किटेक्टचंच, आणि राज्य तर परक्यांचं, तरी निदान घुमट विजापूरकडे बघून बांधला.

इमारत उघडली त्याच वर्षी, जानेवारीत, पुलावर दंगल झाली होती. हुआरेझहून रोज कामाला येणाऱ्या मेक्सिकन लोकांना उवा-टायफसच्या भीतीनं अमेरिकन अधिकारी कपडे उतरवून रॉकेल-व्हिनेगरनं अंघोळ घालायचे, त्याला एका सतरा वर्षांच्या मोलकरणीनं नकार दिला आणि ट्राम अडवली. पत्राला मात्र 1887 च्या करारामुळे मेक्सिकोतही देशातलाच दर, दोन सेंट. माणसापेक्षा पाकीट सुखात पार व्हायचं.

पुढचं सगळं झरझर. 1971 मध्ये पोस्ट सरकारी खात्याचं महामंडळासारखं झालं, म्हणजे स्वतःचं स्वतः कमवा. मग ईमेल आला, पत्रं आटली. 2006 च्या कायद्यानं निवृत्तांच्या आरोग्यखर्चाचे पैसे आधीच बाजूला काढायला लावले, ते ओझं 2022 पर्यंत मानेवर होतं. तोटा दिसायला लागला तसा देशभर डाउनटाउनमधल्या मोक्याच्या जुन्या पोस्टांवर विक्रीचे बोर्ड लागू लागले.

एल पासोचं पोस्ट ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहे, पण यादीत नाव म्हणजे कायमचं संरक्षण हा मोठा गैरसमज. जुन्या वास्तू जपण्याचा 1966 चा कायदा सरकारी यंत्रणेला फक्त विचारविनिमय करायला लावतो. खाजगी मालकाला यादी स्वतःहून काहीच करत नाही, त्याला बांधतात ते स्थानिक नियम, नाहीतर विक्रीच्या कागदात घातलेल्या अटी, आणि त्या अटींवर देखरेख कोण ठेवणार यावरूनच गावोगावी भांडणं झालीत.