ताडोबाची सफारी: परवाना कसा काढायचा, कोणती कागदपत्रं लागतात

ताडोबाला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी रेल्वेची तिकिटं निघतात, मग रिसॉर्टची खोली ठरते आणि सफारीचा परवाना सगळ्यात शेवटी आठवतो. हा क्रम उलटा करा. जंगलाच्या गेटाशी असलेल्या मोहर्लीत खोली नाही मिळाली तर चंद्रपुरात मिळेल, रेल्वेत जागा नसेल तर बस आहे, समृद्धी महामार्ग आहे. जिप्सींची, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्यांची, संख्या मात्र प्रत्येक गेटावर आणि प्रत्येक फेरीला ठरलेली असते. ती भरली की तुमच्या हातातली खोली काय कामाची?

ही मर्यादा कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली, तेव्हा ती बंदी उठली. गाभ्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन नको आणि जंगलाला झेपतील तेवढ्याच गाड्या आत सोडा, असं ती तत्त्वं सांगतात. म्हणून ‘एखादी जिप्सी वाढवून द्या ना’ या विनंतीचा गेटावर उपयोग होत नाही, आणि होऊही नये.

आधी गेट ठरवा

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून आज व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, म्हणजे कोअर, होतो. तो सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच्या भोवती अकराशे चौरस किलोमीटरचं बफर. कोअर आणि बफरचे परवाने वेगळे, दर वेगळे, गेटंही वेगळी.

कोअरमध्ये जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी गेटं आहेत. बफरमध्ये आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा, बेलारा, निमढेला आणि आणखी बरीच. परवाना ज्या गेटाचा, प्रवेश त्याच गेटातून. लोक नेमके इथे फसतात. नकाशावर मोहर्ली आणि कोलारा एकाच जंगलाच्या दोन कडांना दिसतात, म्हणून सकाळची फेरी एकीकडची आणि दुपारची दुसरीकडची घेतात. जंगलातून पलीकडे निघता येत नाही. बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालण्यात दुपार निघून जाते आणि गेट बंद झाल्यावर पोहोचण्याची वेळ येते.

सोपा हिशेब असा: रेल्वेनं चंद्रपूर किंवा बल्लारशाहला उतरणार असाल तर मोहर्ली, आगरझरी, जुनोना, देवाडा ही बाजू. नागपूरहून गाडीनं येणार असाल तर उमरेड, भिसी, चिमूरमार्गे कोलारा, अलिझंझा, मदनापूर, नवेगाव ही बाजू. एका मुक्कामाच्या सहलीत एकच बाजू धरा. मोहर्लीकडून गेलात तर तेलियाचा तलाव आणि जामणीचं माळरान पाहता येतं. जामणी हे पुनर्वसित गाव. जिथे शेतं होती तिथे आता गवत वाढलंय, चितळांचे कळप चरतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. गाव सोडून गेलेल्या माणसांनी ती जागा रिकामी केली आहे, हे तिथून जाताना मनात असू द्या.

आता बफरबद्दल, कारण त्याला दुय्यम समजणारे फार आहेत. वाघ हद्दीचा फलक वाचत नाही. अलिझंझा, मदनापूर, आगरझरी या पट्ट्यांत वाघ चांगले दिसतात. शुल्क कोअरपेक्षा कमी, जागाही तुलनेनं लवकर मिळते. शिवाय बफर गेटांचं उत्पन्न शेजारच्या गावांना थेट लागतं. कोअरचं बुकिंग हुकलं म्हणून सहल रद्द करू नका.

परवाना कोणाला मिळतो

भारतीय नागरिकाला, परदेशी पर्यटकाला, कोणालाही. वेगळी पात्रता लागत नाही. ओळख पटवून देता येणं एवढी एकच अट.

परदेशी पर्यटकांचे दर बरेच जास्त आहेत आणि त्यांच्यासाठी ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. अमेरिकेतून, इंग्लंडातून दिवाळीला घरी आलेल्या नातेवाइकांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे ते परदेशात राहत असले तरी भारतीयच. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय पण ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड आहे, त्यांना राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांच्या प्रवेश शुल्कात भारतीयांच्या बरोबरीनं धरावं, असं केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत आहे. अर्ज भरताना प्रवर्ग नीट निवडा आणि गेटावर ओसीआय कार्ड व पासपोर्ट दोन्ही मूळ प्रतीत बरोबर ठेवा. चुकीचा प्रवर्ग निवडून ‘तिथे बघू’ म्हणणं महागात पडतं.

एका जिप्सीत चालक आणि गाईड सोडून जास्तीत जास्त सहा पर्यटक बसतात. परवाना गाडीचा असतो, त्यामुळे दोघं गेलात तरी गाडीचा पूर्ण खर्च तुमच्यावर. एकटे-दुकटे असाल तर ओळखीतल्या कुटुंबाबरोबर जा, किंवा ज्या गेटावर कँटर म्हणजे मोठी उघडी बस आहे तिथली आसनं पाहा.

अर्ज भरताना

ताडोबाचं सरकारी बुकिंग एकाच ठिकाणी होतं: मायताडोबा डॉट महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे डोळ्यांनी तपासा. शोधल्यावर ताडोबाचं नाव लावलेल्या, वाघाचे फोटो टाकलेल्या कितीतरी खासगी साईट वर येतात. त्यांतल्या काही प्रामाणिक एजंटांच्या आहेत, पण ते सरकारी बुकिंग नव्हे. २०२३ मध्ये बुकिंगचं काम पाहणाऱ्या खासगी कंपनीशी पैशांच्या हिशेबावरून वाद झाला, प्रकरण पोलिसांत गेलं आणि त्यानंतर बुकिंग या नव्या संकेतस्थळावर आलं. जुन्या लेखांत दिलेले पत्ते म्हणूनच वापरू नका.

खातं उघडायला मोबाईल नंबर आणि ईमेल पुरतो. मग कोअर की बफर, गेट, तारीख, सकाळ की दुपार असं निवडत जायचं. बुकिंग काही महिने आधीपासून खुलं असतं. दिवाळी, नाताळ, एप्रिल-मे आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या तारखा खुल्या होताच जातात. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात. बुधवार-गुरुवारी जाता आलं तर पैसेही वाचतात आणि एका वाघामागे लागलेली गाड्यांची रांगही कमी असते.

त्यानंतर येतो सगळ्यात महत्त्वाचा रकाना: प्रत्येक माणसाचं नाव, वय, लिंग, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी कोणतंही चालतं. मात्र जे इथे टाकाल तेच, मूळ स्वरूपात, गेटावर दाखवायचं आहे. अर्जात आधार आणि हातात वाहन परवाना, असं करू नका. नाव कार्डावर जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर बदललेलं आडनाव, घरातलं लाडाचं नाव, वडिलांचं नाव गाळून लिहिलेलं नाव यावरून पहाटे पाच वाजता गेटावर वाद घालायची वेळ येते. लहान मुलांचं आधार काढलेलं असेल तर तेच द्या.

परवाना हस्तांतरित होत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी घरातल्या सगळ्यांकडून येण्याचं पक्कं करून घ्या आणि मगच नावं टाका. ‘माझ्याकडे जिप्सी राखून ठेवलीय, नावं नंतर बदलू’ असं कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. अशा भलत्याच नावांनी अडवून ठेवलेल्या गाड्यांमुळेच सरळ मार्गानं बसलेल्या माणसाला साईटवर जागा दिसत नाही. ही साखळी तोडणं आपल्याच हातात आहे.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी वाचा. रकमेत प्रवेश, जिप्सी आणि गाईड यांपैकी काय काय धरलंय, आणि रद्द केल्यास काय परत मिळतं. मोठ्या लेन्सचा कॅमेरा असेल तर त्याचं शुल्कही तिथेच पाहा. पैसे गेले आणि परवाना आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. खात्यात बुकिंग दिसतंय का पाहा आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

कधी बंद असतं

कोअर दर मंगळवारी बंद. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरचं पर्यटन थांबतं आणि १ ऑक्टोबरला पुन्हा सुरू होतं. बफरची काही गेटं पावसाळ्यातही चालू राहतात, रस्ते आणि पावसाच्या मानानं. मंगळवार सहलीत येत असेल तर त्या दिवसासाठी साईटवर बफरचं गेट शोधा.

गेटावर काय होतं

सकाळची फेरी उजाडताना सुटते, दुपारची अडीच-तीनच्या सुमारास. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, परवान्यावर असतात त्याच खऱ्या. अर्धा तास आधी पोहोचा. खिडकीशी परवान्याची छापील प्रत द्यायची. कर्मचारी एकेक नाव मोठ्यानं वाचतो, समोरचा माणूस कार्ड पुढे करतो, क्रमांक जुळला की पुढचं नाव. मग जिप्सी आणि गाईड पाळीनुसार मिळतात. अमुकच गाईड हवा म्हणून अडून बसू नका. गाईड आजूबाजूच्या गावांतली मुलं-मुली आहेत. चितळाची कूक आणि वानराचा खॉक यांवरून वाघ कुठल्या अंगाला चाललाय हे ती सांगतात, ते ऐकण्यासारखं असतं.

मोबाईलला सफारीत बंदी आहे. फोटो काढायचे तर कॅमेरा न्या. असे नियम जाचक वाटतात त्यांनी ३१ डिसेंबर २०२४ ची उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातली घटना आठवावी. तिथे बछड्यांसह निघालेल्या वाघिणीची वाट दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. प्राण्यापासून किमान २० मीटर आणि प्राणी पाहताना गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर हा नियम २०१२ च्या तत्त्वांतलाच आहे. चालकाला जास्त पैसे देऊन ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. त्याचं काम बंद होतं, तुमचं नाही.

खाली उतरायचं नाही, सिगारेट-लायटर न्यायचं नाही, खाण्याची पाकिटं टाकायची नाहीत. कपडे मातकट रंगाचे घाला. डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत कानटोपी आणि जाड चादर लागते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा डोक्याला सुती कापड आणि भरपूर पाणी. सासू-सासऱ्यांना पाठीचा त्रास असेल तर मागच्या उंच बाकाऐवजी पुढचं बाक द्या.

मुंबई-पुण्याकडच्यांसाठी दोन रात्रींचा आराखडा असा जमतो: बुधवारी रात्रीच्या गाडीनं निघून गुरुवारी सकाळी नागपूर, तिथून टॅक्सीनं कोलारा किंवा मदनापूर बाजूला, पण त्या दुपारी परवाना घेऊ नका. गाडी तीन तास उशिरा आली तर तो वाया जाईल. शुक्रवारी सकाळी कोअर, दुपारी त्याच बाजूचं बफर, आणि शनिवारी सकाळी नाश्ता करून परत. मोहर्लीकडून जायचं असेल तर पर्यटन महामंडळ आणि वनविकास महामंडळ या दोघांचीही निवासस्थानं तिथे आहेत. खोलीचं बुकिंग त्यांच्या त्यांच्या साईटवर वेगळं करावं लागतं; खोली मिळाली म्हणजे सफारी मिळाली असं नाही.