घडताना चुकलं की घडल्यावर विरघळलं?

एमिलियानिया हक्सलेई या समुद्रातल्या सूक्ष्म जीवाची एक पेशी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली 10,000 पट मोठी करून पाहा. कॅल्साइटच्या, म्हणजे स्फटिकरूपी कॅल्शियम कार्बोनेटच्या, लंबगोल चकत्या एकमेकींत अडकवून रचलेला चेंडू दिसतो. चेंडू 5 ते 10 मायक्रोमीटरचा, एकेक चकती जेमतेम 3-4 मायक्रोमीटरची. चकतीच्या मधल्या भागातून बैलगाडीच्या चाकासारखे आरे निघतात. प्रत्येक आऱ्याचं बाहेरचं टोक हातोडीसारखं पसरून शेजारच्या टोकाला भिडतं आणि त्यातूनच चाकाची धाव तयार होते. या चकत्या म्हणजे कॉकोलिथ. त्या बनवणारं एकपेशीय वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती) म्हणजे कॉकोलिथोफोर.

याच चेंडूवर एखादी चकती वेडीवाकडी दिसते. आरे तोकडे, कड तुटक. ती घडतानाच चुकली, की नीट घडून नंतर विरघळली? घाईत पाहिलं तर फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण त्यातली एक गोष्ट पेशीबद्दल सांगते आणि दुसरी पाण्याबद्दल.

कॉकोलिथ पेशीच्या आत, पातळ पडद्याच्या एका इवल्या पिशवीत तयार होतो. आधी बारीक स्फटिकांचं कडं मांडलं जातं, मग एकेक स्फटिक ठरलेल्या दिशेनं वाढतो आणि पुरी झालेली चकती पेशीबाहेर ढकलली जाते. तोवर बाहेरच्या पाण्याचा तिला थेट स्पर्श नसतो. त्यामुळे रचना चुकली असेल तर गडबड पेशीच्या कारभारात झालेली असते. विरघळणं सुरू होतं ते बाहेर आल्यावर.

ओळखायचं कसं? आधी स्फटिकांच्या कडा पाहाव्यात. तोंडात ठेवलेली खडीसाखर आठवा: कोपरे गोलावतात, धार जाते, पृष्ठभागावर खळगे पडतात. विरघळणारा कॅल्साइट असाच दिसतो. हक्सलेईत आरे बारीक होत जातात, हातोडीची टोकं गळतात आणि शेवटी मधलं कडंच उरतं. रचना चुकलेल्या चकतीत मात्र स्फटिकांची धार शाबूत असते, पृष्ठभाग गुळगुळीत असतो, फक्त ते भलत्या जागी किंवा भलत्या आकाराचे असतात. दोन आरे एकमेकांत मिसळलेले, एक बाजू फुगलेली, लंबगोलाची सममिती गेलेली. उंदरांनी कुरतडलेली टोपली आणि विणतानाच वीण चुकलेली टोपली यांत असतो तसा हा फरक.

मग शेजारी पाहावेत. पाणी सगळ्या चकत्यांना सारखंच लागतं, त्यामुळे झीज सहसा अख्ख्या चेंडूवर, बहुतेक अख्ख्या नमुन्यावर दिसते. रचनादोष असेल तर एकाच चेंडूवर देखणी चकती आणि तिच्या बाजूला बिघडलेली, असं चित्र सापडतं.

खरी फसगत होते ती अपुऱ्या कॉकोलिथमुळे. वाढ मध्येच थांबली की आरे आखूड राहतात आणि चकती हुबेहूब झिजलेली वाटते. अशा वेळी वाढीव मॅग्निफिकेशनवर आऱ्याचं टोक पाहण्याला पर्याय नाही. ते टोकदार आणि स्वच्छ असेल तर वाढ थांबली, बोथट असेल तर झीज. निव्वळ मोडतोड ओळखणं सोपं, तिथे सरळ तुटलेली कड दिसते.

या सगळ्याच्या आधी स्वतःच्या हातांवर शंका घ्यावी. समुद्राचं पाणी फिल्टरमधून गाळलं की मीठ धुऊन काढावं लागतं, नाहीतर मिठाचे स्फटिक सगळं झाकून टाकतात. पण साधं डिस्टिल्ड वॉटर वापरलं तर ते कॅल्साइट विरघळवायला लागतं. त्यात कॅल्शियम नसतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून ते किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. म्हणून थेंबभर अमोनिया घालून अल्कधर्मी केलेलं पाणी घ्यावं. आम्लयुक्त ल्युगोल द्रावणात (नमुने टिकवायचं आयोडीनचं द्रावण) नमुना टिकवून ठेवला तर कॉकोलिथ उरतच नाहीत. पुढचं काम, म्हणजे फिल्टर वाळवणं, त्याचा तुकडा स्टबवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायच्या छोट्या बैठकीवर, चिकटवणं, सोन्याचा पातळ मुलामा देणं, त्यामानाने निर्धोक आहे.

हा काटेकोरपणा कशासाठी? 2000 साली ‘नेचर’मध्ये उल्फ रीबेसेल आणि सहकाऱ्यांनी एमिलियानिया हक्सलेई आणि जेफायरोकॅप्सा ओशिॲनिका या दोन जातींवरचे प्रयोग मांडले. कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर कॅल्साइट कमी बनत होतं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंत बिघडलेले, अपुरे कॉकोलिथ जास्त दिसत होते. समुद्राच्या आम्लीकरणाची, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून समुद्राचं पाणी आम्लतेकडे झुकण्याची, चर्चा त्यानंतर जोरात सुरू झाली. यातली ओशिॲनिका आपल्या अरबी समुद्रातही भरपूर सापडते. पुढच्या प्रयोगांत सगळ्या जातींचं उत्तर एकसारखं आलं नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत वाढवलेल्या पेशींत कार्बन डायऑक्साइड न वाढवताही रचनादोष दिसतात. उष्णतेनंही ते वाढतात.

म्हणून एका बिघडलेल्या चकतीच्या फोटोवरून समुद्राचं निदान करू नये. नमुन्यातले शेकडो कॉकोलिथ मोजावेत आणि नीट, अपुरे, रचना चुकलेले, विरघळलेले असे रकाने करून नोंदवावेत. नेहमीच्या पाण्यात वाढवलेल्या पेशींचा फिल्टरही त्याच दिवशी, त्याच पाण्याने धुवावा. तोही झिजलेला दिसला, तर दोष धुण्याच्या पाण्यात शोधायचा.